सुटून आलात, आता पुढे? ठाणे-नवी मुंबईत पुन्हा उभं राहण्यासाठी

सुटका झाली की घरचं कोणी पेढे घेऊन येतं, कोणी थेट देवळात नेतं. दोन्ही होऊ द्या. मात्र घरी पोचून आंघोळ झाली की पिशवीतले कागद बाहेर काढा. लोक काय म्हणतील याचा घोर प्रत्येकाला असतो, आणि तो खोटा नसतो. पण पहिले दोन-तीन महिने माणूस अडतो तो लोकांमुळे कमी आणि बंद पडलेला मोबाइल नंबर, हरवलेली पावती, चुकलेली तारीख यांमुळे जास्त.

मी ठाणे कोर्टात विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. ठाणे आणि तळोजा या दोन्ही जेलमधून सुटलेले लोक आणि त्यांच्या घरचे जे विचारतात, ते साधारण ज्या क्रमाने विचारतात त्याच क्रमाने इथे मांडते आहे.

तुम्ही सुटलात म्हणजे नेमके कसे सुटलात?

हा प्रश्न विचारला की पुष्कळ जण म्हणतात, "मॅडम, सुटलो म्हणजे सुटलो." तसं नाही. पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे.

जामिनावर बाहेर आला असाल तर तुमचा खटला चालू आहे. देशभरातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. त्यामुळे जेलच्या दारातून बाहेर येणाऱ्या पुष्कळांच्या डोक्यावर केस असतेच. अशा माणसाने "मी सुटलो" म्हणून तारखा सोडल्या की अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि पुन्हा आत जावं लागतं. बहुतेकदा यामागे हेतू वाईट नसतो. वकिलाचा फोन लागत नाही, कामाच्या ठिकाणी सुट्टी मिळत नाही आणि तारीख जाते.

निर्दोष सुटला असाल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही गुन्हेगार नाही, पण पोलिसांच्या नोंदीत नाव अजून असू शकतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

शिक्षा पूर्ण करून आला असाल तर ती शिक्षा संपली. तरी काही नोकऱ्या, पासपोर्ट आणि निवडणूक लढवणं यांवर काही वर्षं मर्यादा राहते.

चौथा प्रकार फारसा कोणी लक्षात घेत नाही. दोषी ठरवूनही कोर्टाने शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं असेल, तर परिवीक्षा कायदा, १९५८ च्या कलम १२ नुसार दोषी ठरण्यामुळे लागू होणारी अपात्रता तुम्हाला लागत नाही. असा आदेश असेल तर त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. नोकरीच्या वेळी हाच कागद बोलतो.

दारातून निघताना काय घ्यायचं

सुटकेच्या दिवशी घाई असते. संध्याकाळ होत आलेली असते, बाहेर भाऊ रिक्षा थांबवून उभा असतो. तरी तीन गोष्टी मागून घ्या: सुटकेचं प्रमाणपत्र, आत जाताना जमा केलेल्या वस्तू, आणि तुमच्या खात्यावर उरलेले पैसे. आत काम केलं असेल तर मजुरीचा हिशेबही विचारा. त्या वेळी राहून गेलं तर नंतर लेखी अर्ज द्या. मागायला लाजू नका, पैसे तुमचेच आहेत.

जमा वस्तूंत जुन्या नोटा निघतात. पाचशे-हजारच्या नोव्हेंबर २०१६ आधीच्या नोटा आता चालत नाहीत. त्या तशाच जपून ठेवण्यातही अर्थ नाही, कारण दहापेक्षा जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्याने दंडनीय आहे. दोन हजाराच्या नोटा मात्र वाया गेलेल्या नाहीत. मे २०२३ मध्ये त्या मागे घेतल्या असल्या तरी रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत स्वीकारल्या जातात, आणि त्यांतलं एक सीबीडी बेलापूरला आहे. ओळखपत्र घेऊन जा.

पोलिसांनी अटकेच्या वेळी घेतलेला मोबाइल, दुचाकी, दागिने ही वेगळी गोष्ट आहे. तो मुद्देमाल. जेलचा त्याच्याशी संबंध नाही. खटला चालू असतानाही तो परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो. आदेश झाला की पोलीस ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाकडे जायचं. गाडी चौकीबाहेर उन्हापावसात सडत पडण्याआधी हे केलेलं बरं.

पहिला आठवडा: नंबर, आधार, बँक

आधी मोबाइल नंबर. नव्वद दिवस वापर नसेल तर सिम बंद होतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो. तुम्ही दोन वर्षं आत असाल तर तुमच्या बँकेचा ओटीपी आज एखाद्या अनोळखी माणसाकडे जात असण्याची शक्यता आहे. म्हणून आधी नवं सिम घ्या, तेही स्वतःच्या नावावर. मित्राच्या किंवा मेव्हण्याच्या नावावरचं सिम वापरू नका. त्या नंबरवर उद्या काही भानगड झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल आणि तुमचं कोणी ऐकणार नाही.

सिमसाठी आधार लागतं आणि आधार हरवलेलं असतं, हा नेहमीचा गुंता. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे दिले की जुनं आधार सापडतं. तिथेच नवा मोबाइल नंबर जोडून घ्या, त्यासाठी वेगळा कागद लागत नाही, फक्त शुल्क लागतं. पत्ता बदलला असेल तर त्याचा पुरावा मात्र लागेल. घर भाड्याचं असेल तर नोंदणी केलेला करार उपयोगी पडतो.

मग बँक. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. केवायसीचे कागद दिले की ते पुन्हा चालू होतं आणि त्यासाठी बँक पैसे घेऊ शकत नाही. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून दंड लावणंही रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. दहा वर्षं उलटली असतील तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत गेलेली असते, पण बँकेत अर्ज करून ती परत मागता येते. काउंटरवरच्या मुलाने "इतकी वर्षं कुठे होतात?" विचारलं तर "बाहेर होतो" एवढं उत्तर पुरे. बँकेला तुमची ओळख पटवून हवी असते, चरित्र नव्हे.

पॅन आधारला जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय असेल. जोडताना हजार रुपये शुल्क लागतं. आधी नोकरी केली असेल तर पीएफचे पैसे पडून आहेत का तेही बघा. रेशनकार्डावरचं नाव कमी झालंय का, ते शिधावाटप दुकानदाराला विचारा. मतदानाचा हक्क गेलेला नाही. तुरुंगात असताना मत देता येत नाही, बाहेर आल्यावर येतं. यादीत नाव नसेल तर सहा नंबरचा अर्ज भरा. निवडणूक लढवायची असेल तर मात्र दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षं थांबावं लागतं.

अंग आणि डोकं

खरूज घेऊन येत नाही असा माणूस विरळा. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं आणि कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या; एकट्याने उपचार केले तर ती फिरत राहते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन उतरलं असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. गर्दीच्या बराकीत क्षयरोग पसरतो. तपासणी आणि औषधं पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईकरांना वाशीचं पालिका रुग्णालय.

झोपेचं अवघड आहे. आत रात्रभर दिवा चालू असतो, त्यामुळे अंधारात झोप येत नाही. पहाटे उठून बसायची सवय लागलेली असते. दार आतून लावलं की घाबरल्यासारखं होतं, किंवा उलट, दार उघडं असलं की चैन पडत नाही. घरचे म्हणतात, "आता तर सुटलास, आता कसलं टेन्शन?" घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे की हे विचारू नका. काही आठवड्यांत बरंचसं निवळतं. निवळलं नाही, दारू वाढली, जीव नकोसा वाटू लागला तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे भरती करून घेतात ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. बहुतेक जण गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येतात.

कोर्ट आणि पोलीस

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

केस चालू असेल तर तिचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळवा. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, कोर्ट आणि शेवटच्या तारखेला काय झालं ते दिसतं. वकिलावर विश्वास ठेवा, पण तारीख स्वतः बघा. वॉरंट निघालंच असेल तर पळत फिरू नका. वकिलासोबत स्वतः कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देणं आणि पोलिसांनी उचलून आणणं, यांत न्यायाधीशांच्या दृष्टीने फार फरक आहे.

जामिनाच्या अटी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरात लावा. पोलीस ठाण्यात हजेरी असेल तर दर वेळी नोंद झाली का ते बघा आणि स्वतःच्या वहीत तारीख-वेळ लिहा. फिर्यादीच्या गल्लीत जाऊ नका, मग तुमची मावशी तिथे राहत असली तरी. राहण्याचा पत्ता बदलला तर कोर्टाला कळवा.

पोलीस ठाण्यांच्या हद्दीही बदलल्या आहेत. मीरा रोड-भाईंदरचा भाग पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होता, तो ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात गेला. पालघर हा तर ऑगस्ट २०१४ पासून वेगळा जिल्हाच आहे. जुन्या पत्त्यावर चकरा मारण्याआधी विचारून घ्या.

निर्दोष सुटलेल्यांसाठी: निकालाची प्रमाणित नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागातून काढा. तिची एक प्रत अर्जासोबत तपास करणाऱ्या पोलीस ठाण्यात द्या, नोंद अद्ययावत करायला सांगा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. बोटांचे ठसे, फोटो वगैरे २०२२ च्या ओळख कायद्याखाली घेतले असतील आणि तुम्हाला आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर ते नष्ट व्हायला हवेत. कोर्टाने लेखी कारण देऊन वेगळा आदेश केला असेल तर गोष्ट निराळी. रोख जामीन भरला असेल तर मूळ पावती शोधा आणि रक्कम परत मागा. अपील झालं तर वरच्या कोर्टात हजर राहीन असं सहा महिन्यांचं बंधपत्र कोर्ट घेतं, तेव्हा जामीनदार काकांना "तुम्ही मोकळे" असं लगेच सांगू नका.

आता चॅप्टर केस आणि तडीपारी. एकदा नाव लागलेल्या माणसाला गणपती, दहीहंडी किंवा निवडणूक जवळ आली की बोलावणं येऊ शकतं. चॅप्टर केसमध्ये शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागतात, आणि ते सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालतं. नोटीस हातात घ्या, वाचा, उत्तर लेखी द्या. "साहेब, सही कुठे करू?" हा पहिला प्रश्न नसावा. तडीपारीची नोटीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५, ५६ किंवा ५७ खाली येते. आदेशाआधी तुमची बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं असते, आणि आदेशावर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. नोटीस आली की नोकरीचं पत्र, मुलांच्या शाळेची पावती, आईच्या उपचाराचे कागद जोडा. इथे स्थिरावला आहात हे दाखवणारे कागद तिथे उपयोगी पडतात.

वकील परवडत नसेल तर ठाणे कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. रायगडचं अलिबागला आहे आणि पनवेलला तालुका समिती आहे. तळोजा जेल खारघरला असलं तरी ते रायगड जिल्ह्यात येतं, तेव्हा तुमची केस कुठल्या कोर्टात आहे त्यावरून कुठे जायचं ते ठरवा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंदी आणि सुटलेल्या लोकांसोबत काम करतो; राहायला जागा, काम, कागदपत्रं यांत त्यांचे समाजसेवक मदत करतात.

खोली

जुन्या वस्तीत परत जायचं की नाही, हा आधी ठरवायचा प्रश्न आहे. जिथे भांडण झालं, जिथे फिर्यादी राहतो, जिथे पोरं संध्याकाळी "भाई आला" म्हणून गोळा होतात, तिथे काही महिने तरी राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिघा, विटावा, घणसोली, लोकमान्यनगर, दिवा इथल्या चाळींत खोली मिळते. करार लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे जाते हे गृहीत धरा. चौकीतून मालकाला फोन जाऊन त्याला धक्का बसण्यापेक्षा केसबद्दल दोन वाक्यं आधी तुम्हीच सांगितलेली बरी. काही मालक नाही म्हणतील. नाही म्हणणारा आधीच कळला तर डिपॉझिट अडकत नाही.

स्त्रियांचं दुखणं वेगळं आहे. पुरुष सुटला की आई-बायको दारात उभी असते. बाई सुटते तेव्हा पुष्कळदा कोणीच नसतं, आणि सासरचं दार बंद असतं. मुलं कोणाकडे आहेत हे आधी शोधा. संस्थेत असतील तर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे अर्ज करा. नवऱ्याच्या नावावरची खोली आहे म्हणून कोणी बाहेर काढत असेल तर विधी प्राधिकरणाकडे त्याच दिवशी जा.

काम

जिथे पोलीस पडताळणी लागते ती कामं सध्या बाजूला ठेवा: सुरक्षा रक्षक, रिक्षा-टॅक्सीचा बॅज, बँकेची वसुली, मोठ्या कंपन्यांची डिलिव्हरी. तिथे अर्ज करून नकार घेण्यात महिने जातात. निर्दोष सुटला असाल तर निकालाची नक्कल जोडून जरूर प्रयत्न करा.

रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट इथल्या लहान वर्कशॉपमध्ये ओळखीने काम मिळतं. तिथे मालक हात बघतो. आत सुतारकाम, शिलाई, बेकरी शिकला असाल तर प्रमाणपत्रापेक्षा एक दिवस काम करून दाखवायची तयारी ठेवा. वाशीच्या एपीएमसीत हमालीचं काम आहे, पण माथाडी म्हणून नोंदणी व्हायला वेळ लागतो. नाक्यावर बांधकामाची रोजंदारी करत असाल तर वर्षात ९० दिवसांचं काम दाखवून बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. मुलांच्या शिष्यवृत्त्या त्यातून मिळतात.

सरकारी किंवा मोठ्या खाजगी नोकरीच्या अर्जात "आपल्यावर गुन्हा दाखल आहे किंवा होता का" असा रकाना असतो. तो खरा भरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात सांगितलं की माहिती दडवली हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं, आणि खरी माहिती दिली तरी नेमायचं की नाही ते मालक ठरवू शकतो. म्हणजे खरं सांगून नोकरीची हमी नाही. खोटं सांगून मिळालेली नोकरी मात्र चार वर्षांनीही जाऊ शकते, तेव्हा घराचा हप्ता सुरू झालेला असतो.

पासपोर्टचंही असंच. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली असेल तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षांच्या आत केलेला अर्ज नाकारला जाऊ शकतो. खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी लागते.

कोणाला काय सांगायचं

बहुतेक घरांनी शेजाऱ्यांना काहीतरी सांगितलेलं असतं. "दुबईला गेलाय" हे सर्वांत लाडकं. तुम्ही परत येता तेव्हा तुमच्या अंगावर दुबईचा रंग नसतो, हातात खजूर नसतो, आणि चाळीला खरं आधीच माहीत असतं. तरी आई ते धरून बसते. तिला चारचौघांत खोटं पाडू नका. घरात एक संध्याकाळ बसून ठरवा की आजपासून आपण काय सांगणार.

माझा सल्ला असा: खोटं कोणालाच सांगायचं नाही, आणि सगळं सगळ्यांना सांगायचं बंधन नाही. एक छोटं वाक्य तयार ठेवा. "केस झाली होती, दोन वर्षं आत होतो, आता कामाला लागलोय." यात गुन्हा, कलम, कोणाची चूक काहीच नाही. समोरच्याने पुढे विचारलं तर "तो विषय वकिलाकडे आहे." जामिनावर असाल तर हे शब्दशः खरंही आहे, कारण केसबद्दल बोललेलं उलटून साक्षीत येऊ शकतं. बायकोला, भावाला, जामीनदाराला मात्र पूर्ण सांगा. लग्नाची बोलणी चालू असतील तर सुपारी फुटण्याआधी सांगा.

मुलांना वयाप्रमाणे सांगा, पण सांगा. शाळेत दुसऱ्या मुलाच्या तोंडून कळलं तर ते तुम्हाला विचारत नाहीत, गप्प होतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला "पप्पांना कोर्टाने एका ठिकाणी ठेवलं होतं, आता घरी पाठवलंय" हे समजतं. मोठ्याला केसचं नाव सांगावं लागेल. "पुन्हा जाणार का?" असं त्याने विचारलं आणि खटला चालू असेल तर "नाही" म्हणू नका. "तारखेला नीट जातोय" म्हणा.

शेवटी आतले दोस्त. बराकीत ज्याने अर्धी भाकरी दिली त्याला विसरायला मी सांगणार नाही. त्याच्या आईला भेटायला जा, त्याला अधिकृत मनीऑर्डर पाठवा, त्याच्या वकिलाला फोन लावून द्या. पण त्याचं पाकीट पोचवणं, त्याच्या माणसाला रात्रीपुरतं ठेवून घेणं, त्याच्या नावाने कोणाला फोन करणं यातलं काहीही करू नका. "इतकं पण नाही करणार का?" असं विचारलं जाईल. "माझी हजेरी चालू आहे भाऊ," एवढंच सांगा आणि फोन ठेवा.